मँचेस्टर युनायटेड: मालक, ट्रान्सफर आणि स्क्वाडबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं एका ठिकाणी कशाला लिहिलंय?

युनायटेड हरली की त्याच रात्री तेच प्रश्न येतात, कोचला काढा, अमक्याला विका, ग्लेझर (म्हणजे क्लबचं मालक असलेलं अमेरिकन कुटुंब) आउट, आणि दरवेळी अर्धवट उत्तर देऊन विषय तिथेच सुटतो. माझं म्हणणं असंय की २०१३ पासून या क्लबमध्ये कोच बदलले, सीईओ बदलले, खेळाडू तर किती आले नि गेले, पण आपली टीम कशी खेळणार आणि त्यासाठी कोणाला घ्यायचं हे ठरवणारा क्लबचा स्वतःचा असा विचार कधी टिकलाच नाही. आणि तो टिकला नाही याचं मूळ मालकीत आहे. खालची सगळी उत्तरं याच अंगाने लिहिलीत, पटेल ते घ्या.

ग्लेझर लोकांवर एवढा राग का? त्यांनी नक्की केलं काय?

क्लब विकत घेतला, पण कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. २००५ पर्यंत युनायटेड कर्जमुक्त होती. क्लब १९९१ पासून लंडनच्या शेअर बाजारात होता, त्यातला २८.७ टक्के हिस्सा जॉन मॅग्निअर आणि जे. पी. मॅकमॅनस या आयरिश जोडीकडे होता, त्यांचं आणि तेव्हाचे कोच सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचं रॉक ऑफ जिब्राल्टर नावाच्या रेसच्या घोड्यावरून वाजलं होतं, आणि मे २००५ मध्ये या दोघांनी आपला हिस्सा माल्कम ग्लेझरला विकला. तिथून पुढे उरलेला क्लब त्याच्या हातात जायला काही वेळ लागला नाही. सगळा सौदा साधारण ७९० मिलियन पाउंडचा, त्यातले निम्म्याहून जास्त पैसे उधारीचे, आणि त्यातली काही कर्जं तर १४ टक्क्यांच्या वर व्याजाची.

म्हणजे तिकिटाचा, टीव्हीचा, जर्सीचा जो पैसा यायचा त्यातून आधी व्याज जाणार, मग बाकी सगळं. आणि हे अचानक झालं असंही नाही, १९९८ मध्ये स्काय टीव्ही कंपनीने ६२३ मिलियन पाउंडला क्लब घ्यायचा प्रयत्न केला होता तेव्हा सपोर्टर लोक एकत्र आले, प्रकरण मक्तेदारी तपासणाऱ्या कमिशनकडे गेलं आणि १९९९ मध्ये सरकारने तो सौदा अडवला. २००५ ला तसं कोणी अडवलं नाही. काही लोकांना हे इतकं लागलं की त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डला जाणं सोडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला, अगदी खालच्या लीगपासून. आयुष्यभराचं सीझन तिकीट सोडायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

पण ग्लेझरांच्या काळात खेळाडूंवर तर भरपूर पैसा खर्च झाला ना?

झाला, पण तो क्लबने कमावलेला पैसा होता, मालकाच्या खिशातला नाही. हा फरक लक्षात घ्या, कारण सगळी चर्चा इथेच घसरते. २०२४-२५ मध्ये टीम प्रीमियर लीगमध्ये पंधराव्या नंबरवर आली आणि त्याच वर्षी क्लबचं उत्पन्न ६६६.५ मिलियन पाउंड होतं, क्लबच्या इतिहासातलं सगळ्यात जास्त. एवढं कमावूनसुद्धा त्या वर्षी ३३ मिलियनचा तोटा, त्याच्या आदल्या वर्षी ११३ मिलियनचा. कर्ज अजून आहेच, ४२५ मिलियन डॉलरच्या नोट्स (म्हणजे रोखे) २०२७ मध्ये फेडायच्या म्हणून काढलेल्या, वर २२५ मिलियन डॉलरचं टर्म लोन, शिवाय इतर क्लबांना द्यायचे ट्रान्सफरचे हप्ते वेगळेच. आणि इतकं सगळं डोक्यावर असताना कित्येक वर्षं डिव्हिडंड वाटला गेला.

मधल्या काळात स्टेडियमकडे कोणी बघितलं नाही. मे २०२४ ला आर्सेनलच्या मॅचनंतर पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या एका कोपऱ्यातून छतावरचं पाणी धबधब्यासारखं खुर्च्यांवर कोसळत होतं, ते व्हिडिओ सगळ्या जगाने बघितले. ज्या मैदानाबद्दल एवढ्या प्रेमाने बोलतो त्याची ही अवस्था बघून खरंच वाईट वाटलं.

क्लब न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे, मग मालकी लोकांकडे नाही का?

नाही. २०१२ मध्ये लिस्टिंग झालं तेव्हा दोन प्रकारचे शेअर केले. ए क्लास म्हणजे बाजारात मिळतात ते, एका शेअरला एक मत. बी क्लास कुटुंबाकडे, एका शेअरला दहा मतं. त्यामुळे तुम्ही आम्ही कितीही ए शेअर घेतले तरी निर्णय कुटुंबाचाच. माल्कम ग्लेझर २०१४ मध्ये गेला, सहा मुलं आहेत, त्यातले जोएल आणि अवराम को-चेअरमन.

जिम रॅटक्लिफ आल्यावर काय बदललं?

कागदावर बरंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये या ब्रिटिश उद्योगपतीने ३३ डॉलर प्रति शेअरने २७.७ टक्के हिस्सा घेतला, वर ३०० मिलियन डॉलर क्लबमध्ये घालायचं कबूल केलं, त्यामुळे हिस्सा २९ टक्क्यांच्या जवळ गेला, आणि फुटबॉलचा कारभार त्याच्या इनिऑस कंपनीकडे आला. माणूस मँचेस्टरजवळच्या फेल्सवर्थचा, लहानपणापासून युनायटेडचा. (२०२२ मध्ये चेल्सी घ्यायलाही गेला होता, तेही विसरू नका.)

मला तेव्हा खरंच आशा वाटली होती, कारण पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं की आधी फुटबॉल जाणणारी माणसं वर बसवू आणि मग कोच आणि खेळाडू. म्हणणं बरोबरच होतं. पण झालं काय बघा. न्यूकासलकडून डॅन ॲशवर्थला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणायला महिनोन् महिने घालवले, तो जुलै २०२४ ला आला आणि डिसेंबरमध्ये गेलासुद्धा. मधे कोच टेन हागला उन्हाळ्यात नवीन कॉन्ट्रॅक्ट दिलं, त्याच्या पसंतीचे खेळाडू घेतले आणि २८ ऑक्टोबरला काढलं. या दोघांना आणि टेन हागच्या स्टाफला घालवायचा खर्च १४.५ मिलियन पाउंड, हा आकडा क्लबच्याच हिशेबात आहे.

त्याच काळात २५० लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि पुढच्या वर्षी अजून २०० पर्यंत जाणार म्हणून सांगितलं. रोजची कामं करणारी माणसं, जी कोणाच्या ट्रान्सफरवर सही करत नाहीत.

पण क्लब तोट्यात असेल तर खर्च कमी करायलाच हवा ना?

करायला हवा, पण जिथे पैसा गेला तिथे. २०२४-२५ च्या मधेच उरलेल्या मेंबर तिकिटांचा दर सरसकट ६६ पाउंड केला, लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्या माणसांना सवलत नाही. आता ओल्ड ट्रॅफर्डमध्ये सत्तर हजारांच्या वर लोक बसतात, त्यातल्या थोड्या तिकिटांवर वाढवून वाढवून किती मिळणार? एक चुकलेला ट्रान्सफर ते सगळं एका दिवसात खाऊन टाकतो. आणि नातवाला घेऊन पहिल्यांदा मॅचला येणारा आजोबा एकदा तुटला की तुटला, तो नातू मग घरी बसून दुसऱ्याच कोणाचा फॅन होतो. पैसे वाचवायचे तर अँटनीसारखा एक महागडा ट्रान्सफर टाळा.

अँटनीचं उदाहरण सगळे देतात, पण त्यात हिशेबाने नक्की काय होतं?

हे नीट समजून घ्या, कारण बाकी सगळ्या ट्रान्सफरना हेच लागू आहे. २०२२ मध्ये आयाक्सकडून साधारण ८२ मिलियन पाउंडला घेतला, पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. हिशेबात ८२ मिलियन एकदम धरत नाहीत, कॉन्ट्रॅक्टच्या वर्षांवर वाटतात, म्हणजे वर्षाला सोळा मिलियनच्या आसपास. तीन वर्षांनी पुस्तकात अजून तेहतीस एक मिलियन शिल्लक. २०२५ ला बेटिसला गेला तो साधारण २२ मिलियन युरो आणि वर थोडे बोनस एवढ्यावर. म्हणजे विकूनही तोटा. पगार वेगळा.

आणि प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत १०५ मिलियनच्या वर तोटा चालत नव्हता, त्यामुळे असा एक ट्रान्सफर पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांचे हात बांधून ठेवायचा. अँटनीचा यात दोष किती? मला तरी फार वाटत नाही, त्याने काही आपली किंमत ठरवली नव्हती. कोचला आपला जुना ओळखीचा खेळाडू हवा होता, ट्रान्सफर विंडो संपायला आलेली, समोरच्या क्लबला माहीत की हे कितीही देणार, आणि नाही म्हणणारा माणूसच क्लबमध्ये नव्हता.

म्हणजे रिक्रूटमेंटचा खरा घोळ काय?

दर कोचची स्वतःची खरेदी. २०१३ मध्ये सर ॲलेक्स १३ लीग टायटल जिंकून रिटायर झाले आणि त्याच उन्हाळ्यात डेव्हिड गिलही गेला, म्हणजे टीम चालवणारा आणि व्यवहार बघणारा दोघं एकदमच. त्यांच्या जागी एड वुडवर्ड आला जो मुळात बँकेचा माणूस. त्याच पहिल्या उन्हाळ्यात फेलायनीचा रिलीज क्लॉज (एवढे पैसे दिले की त्याच्या क्लबला सोडावंच लागतं असं कलम) २३.५ मिलियनचा होता, ती मुदत जुलैअखेर संपली, आणि शेवटच्या दिवशी धावतपळत २७.५ मिलियन देऊन त्यालाच घेतला. तेव्हाच कळायला हवं होतं की इथे तयारी नाहीये.

मग कोच व्हॅन गालसाठी डी मारिया, ५९.७ मिलियन, तेव्हाचा ब्रिटिश रेकॉर्ड, एका सीझनमध्ये पॅरिसला रवाना. मोरिन्योसाठी पोग्बा, ८९ मिलियन, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड, आणि हा आपल्याच अकॅडमीतून २०१२ ला जवळपास फुकटात गेलेला मुलगा, परत २०२२ ला खरंच फुकटात गेला. ॲलेक्सिस सांचेझ, त्याच्या पगाराने सगळ्या ड्रेसिंग रूमचं गणित बिघडवलं. सोल्शेअरसाठी मॅग्वायर ८० मिलियन, सान्चो ७३ मिलियन. टेन हागसाठी कासेमिरो, वय ३० आणि कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं. यातला एकेक खेळाडू घेतला तर बरेच जण चांगले होते, मी कोणालाच टाकाऊ म्हणणार नाही, पण प्रत्येकाला वेगळ्या टीमसाठी घेतलेलं.

मे २०२५ ला बिलबाओमधली युरोपा लीगची फायनल आठवा, टॉटनमकडून १-० ने गेली ती. त्या अकरामध्ये शॉ होता जो व्हॅन गालच्या उन्हाळ्यात आलेला, मॅग्वायर आणि ब्रुनो सोल्शेअरचे, कासेमिरो, माउंट, होयलुंड, ओनाना टेन हागचे, आणि डोरगू टेन हागनंतरच्या कोच अमोरिमचा. चार वेगवेगळ्या कोचांचे खेळाडू एकाच मैदानावर, आणि स्क्वाडमध्ये मोरिन्योच्या काळातला दालो धरला तर पाच. पाच जणांनी आपापल्या आवडीची भाजी एकाच पातेल्यात टाकावी तसं झालं ते, आणि मग चव का नाही म्हणून सहाव्याला विचारायचं.

हंगामी कोच राल्फ रांगनिक २०२२ मध्ये जाहीरपणे सांगून गेला होता की वरवरची मलमपट्टी पुरणार नाही, मोठं ऑपरेशन लागेल. त्याला सल्लागार म्हणून ठेवणार होते, तेही झालं नाही.

लिव्हरपूल, ब्रायटन, ब्रेंटफर्ड यांना जे जमतं ते आपल्याला का नाही?

कारण तिथे कोणाला घ्यायचं ती यादी क्लबची असते. कोच गेला तरी यादी राहते. ब्रायटनचे कोच मोठ्या क्लबांनी उचलले, खेळाडू उचलले, स्टाफ उचलला, तरी तो क्लब त्याच पद्धतीने चालू आहे. आपण एम्बुमोला ब्रेंटफर्डकडून घेतलं पण ज्या पद्धतीने ब्रेंटफर्डला तो सापडला ती पद्धत आपल्याकडे बसवायला हवी, ते जास्त महत्त्वाचं.

अकॅडमीची मुलं विकून पैसा उभा करणं योग्य आहे का?

मला मनापासून अयोग्य वाटतं, पण तसं का करतात ते सांगतो. आपल्याकडे वाढलेल्या पोराची पुस्तकात किंमत जवळपास शून्य असते, त्यामुळे तो जितक्याला विकला ते सगळंच्या सगळं नफा म्हणून दिसतं. म्हणून मॅकटॉमिने ऑगस्ट २०२४ ला २५ मिलियनच्या आसपास नापोलीला गेला, पहिल्याच सीझनमध्ये लीग जिंकला आणि इटलीच्या सेरी आ लीगचा सगळ्यात भारी खेळाडू ठरला. एलांगा १५ मिलियनला फॉरेस्टला गेला आणि दोन वर्षांनी त्याच पोराला न्यूकासलने ५५ मिलियनला घेतलं. गारनाचो ४० मिलियनला चेल्सीला, आता त्यात त्याचं आणि अमोरिमचं पटत नव्हतं हेही होतंच.

ऑक्टोबर १९३७ पासून आजपर्यंत युनायटेडच्या प्रत्येक मॅचच्या स्क्वाडमध्ये अकॅडमीचा किमान एक खेळाडू आहे. युद्धाच्या आधीपासून, म्युनिकच्या विमान अपघातानंतरही, सेकंड डिव्हिजनमध्ये गेलो तेव्हाही. २०२४ च्या एफए कपच्या फायनलला मँचेस्टर सिटीविरुद्ध दोन गोल कोणी मारले? गारनाचो आणि मायनू. त्यातला एक गेला. मायनूला हिशेबाच्या नावाखाली घालवलं तर मी कधीच माफ करणार नाही, स्पष्ट सांगतो. तो पोरगा समोरचे अंगावर धावून येत असताना दोघांच्या मधून बॉल घेऊन असा शांतपणे वळतो की समोरच्याला कळतच नाही आपण कुठे चुकलो, ही गोष्ट विकत घ्यायला गेलात तर साठ-सत्तर मिलियनला पण खात्रीने मिळत नाही.

अमोरिमला काढलं ते बरोबर केलं का?

जानेवारी २०२६ ला काढलं, लीड्सच्या मॅचनंतर, आणि तिथे तो जाहीरपणे बोलला की मी इथे मॅनेजर म्हणून आलोय, नुसता कोच म्हणून नाही. तेव्हाच कळलं की संपलंय. रिझल्ट बघितले तर त्याची बाजू घेणं अवघड आहे, २०२४-२५ मध्ये ४२ पॉइंट, १८ पराभव, १९७४ ला रेलीगेट झालो त्यानंतरचा सगळ्यात वाईट लीग सीझन (ते पूर्ण वर्ष त्याचं नव्हतं, नोव्हेंबरला आला होता). ऑगस्ट २०२५ ला ग्रिम्सबीकडून हरलो, चौथ्या डिव्हिजनची टीम, हाफटाइमला दोन गोलने मागे, मग २-२ आणि पेनल्टीवर १२-११. तरीसुद्धा मला विचाराल तर जास्त चूक त्याला आणणाऱ्यांची.

तो स्पोर्टिंगमध्ये कायम तीन सेंटर-बॅक आणि दोन विंग-बॅक (कडेने पूर्ण मैदान वर-खाली धावणारे) घेऊन खेळायचा, हे सगळ्या जगाला माहीत होतं, आणि आपल्याकडे एकही धड विंग-बॅक नसताना, विंगरांनी भरलेला स्क्वाड असताना, सीझनच्या मध्यात त्याला आणला. त्याच्या सिस्टीममध्ये मधे दोघंच उभे राहतात. समोरची टीम मिडफील्डमध्ये तिसरा माणूस आणते आणि मग कासेमिरोने डावीकडे बघायचं की उजवीकडे, ब्रुनो तर पुढे गेलेला, आणि त्या दोघांच्या मागे एवढी मोठी मोकळी जागा की तिथून बॉल घेऊन कोणीही सरळ डिफेन्सवर धावत यायचं. दर आठवड्याला तेच बघितलं. सिस्टीम हट्टाने बदलली नाही हा त्याचा दोष आहेच. पण त्याला आणताना हा प्रश्न कोणी विचारला होता का, आणि विचारला असेल तर उत्तर काय मिळालं, हे फॅन्सना कधीच कळलं नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यातली खरेदी कशी वाटली?

पुढच्या फळीपुरती बरीच वर्षं बघायला मिळाली नव्हती इतकी समजूतदार. कुन्या ६२.५ मिलियन, एम्बुमो ६५ आणि वर बोनस, दोघंही प्रीमियर लीगमध्ये खेळून दाखवलेले, वय योग्य. शेश्को लाइपझिगकडून, महाग आहे पण बावीस वर्षांचा पोरगा, त्याला वेळ द्या, होयलुंडला दिला नाही तसं करू नका. लिव्हरपूलच्या ॲनफिल्डला ऑक्टोबरमध्ये जिंकलो २-१, मिनिटभर झालं तोच एम्बुमोचा गोल आणि शेवटी ब्रुनोच्या क्रॉसवर मॅग्वायरचं हेडर, २०१६ नंतर तिथे पहिला लीग विजय. तो मॅग्वायर ज्याला याच फॅन्सनी काय काय बोललंय! त्याच्यासाठी जास्त आनंद झाला.

चूक एवढीच झाली, आणि ती मोठी आहे, की मिडफील्डर घेतला नाही. ब्रायटनच्या बलेबाचं नाव चाललं, ब्रायटनने सोडलं नाही, मग यादीत दुसरा कोणी असायला नको का?

२०२५-२६ च्या स्क्वाडमध्ये कोण ठेवावा, कोण जावा?

गोलकीपर: लॅमेन्स. अँटवर्पकडून आला, मोठ्या नावाच्या मागे न लागता घेतला, क्रॉस आला की पुढे येऊन पकडतो, आणि त्यानेच मागचे तिघं-चौघं निम्मे शांत होतात. ओनानाचं झालं ते झालं.

डिफेन्स बरा आहे, योरो आणि डे लिख्त यांच्याभोवती बांधा. लिसांद्रो फिट असेल तर पहिला तोच, पण फिट असेल तर हे दरवर्षीचं झालंय. शॉने खूप भोगलंय, त्याचा मान ठेवूनच सांगतो, डावीकडे कायमचा माणूस बघायला पाहिजे.

मिडफील्डमध्ये दोन जण लागतात, एक नाही दोन. एक धावणारा आणि बॉल जिंकणारा, दुसरा पासिंगवाला, मायनूच्या जोडीला. उगार्तेला मेहनतीचे पूर्ण मार्क, पण बॉल पायात असताना पुढे जात नाही.

पुढे ठीक आहे. अमादला सोडू नका कधीच.

ब्रुनोला सौदी ऑफर आली तेव्हा विकायला हवा होता ना?

नाही. जानेवारी २०२० पासून या क्लबला गोल, असिस्ट, चान्स सगळं त्यानेच दिलंय, दुखापत क्वचितच होते, जवळपास प्रत्येक मॅच खेळतो. चिडतो, हात वर करतो, मान्य. पण तो चिडतो कारण त्याला फरक पडतो. गेल्या दहा वर्षांतला आपला सगळ्यात चांगला ट्रान्सफर कोणता विचारलं तर माझं उत्तर तेच, ४७ मिलियनला ब्रुनो.

पुढचा कोच कोण असावा?

जानेवारी २०२६ मध्ये कॅरिकला २०२५-२६ सीझनच्या शेवटपर्यंत कोच म्हणून दिलं, तो क्लब जाणतो, बारा वर्षं इथे खेळलाय, त्याला मनापासून पाठिंबा. नावांच्या यादीत मी पडणार नाही. जो येईल तो या खेळाडूंना घेऊन खेळणारा असावा, एवढंच.

कतारच्या शेख जासिमने पूर्ण क्लब घेतला असता तर बरं झालं नसतं का? कर्ज तर गेलं असतं.

कर्ज गेलं असतं हे खरं, आणि २०२३ मध्ये कित्येक चांगल्या सपोर्टरांना ते हवं होतं, त्यांना मी चूक म्हणत नाही, इतकी वर्षं व्याज भरल्यावर माणूस काहीही मान्य करतो. मला मात्र नको होतं. क्लब एखाद्या देशाच्या सत्तेच्या जवळ गेला की त्याचे निर्णय फुटबॉलच्या बाहेरच्या कारणांनी होतात आणि तुम्हाला त्याबद्दल प्रश्नही विचारता येत नाहीत.

जर्मनीसारखा ५०+१ नियम इंग्लंडमध्ये येईल का?

तिथे क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडे असतात; आहे त्या क्लबांवर मागे जाऊन तो नियम लावणं जवळपास अशक्य, अब्जावधी पाउंडांचे शेअर आधीच लोकांच्या हातात आहेत. पण एक चांगली गोष्ट झालीय. एप्रिल २०२१ ला सुपर लीगची (मोठ्या क्लबांनी फुटून काढायची वेगळी लीग) घोषणा झाली, जोएल ग्लेझर त्यात पुढे होता, मग २ मे ला सपोर्टर ओल्ड ट्रॅफर्डच्या आत शिरले आणि लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलावी लागली. सुपर लीगवरच्या रागातूनच सरकारने फॅन्सचं म्हणणं ऐकायला समिती नेमली आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये कायदा झाला, इंडिपेंडंट फुटबॉल रेग्युलेटर आला. मालकांची तपासणी, फुटून निघणाऱ्या लीगवर बंदी, तिकिटासारख्या विषयांवर सपोर्टरांशी बोलणं बंधनकारक. मालकी नाही मिळाली, पण निदान दार ठोठावायला एक जागा मिळाली.

नवीन स्टेडियमचं काय?

एक लाख लोकांचं, दोन अब्ज पाउंडांचं, मार्च २०२५ ला फॉस्टर कंपनीचं डिझाइन दाखवलं. बघायला भव्य आहे. पैसा कुठून येणार हे सांगेपर्यंत मी आनंद मानणार नाही, कारण या मालकांची क्लबच्या नावावर कर्ज काढायची सवय वीस वर्षं बघितलीय.

विमेन्स टीमबद्दल कोणीच का विचारत नाही?

विचारायला पाहिजे, म्हणून हा प्रश्न मीच टाकतोय. मे २०२४ मध्ये वेम्बलीवर टॉटनमला ४-० हरवून त्यांनी एफए कप जिंकला, आणि त्याच उन्हाळ्यात कॅरिंग्टनच्या ट्रेनिंग ग्राउंडला काम काढलं म्हणून त्यांची बिल्डिंग पुरुषांच्या टीमला दिली आणि या मुलींना पोर्टेबल खोल्यांमध्ये पाठवलं. कप जिंकून आलेल्या टीमला! तरीही पुढच्या सीझनला त्या तिसऱ्या आल्या, पुरुषांची टीम पंधरावी. टीम कशी बांधायची ते बघायचं असेल तर त्यांच्या मॅचेस बघा.

आपण इतक्या लांबून बघतो, आपल्याला मालकांवर बोलायचा हक्क काय?

स्पॉन्सर पैसे देतात ते जगभर बघणाऱ्या डोळ्यांचे, त्यात तुमचे माझे डोळे आहेत. पण मँचेस्टरच्या लोकांचा हक्क आधी, हे मी मानतो. पावसात उभं राहून निषेध ते करतात, ६६ पाउंड ते देतात. त्यामुळे सपोर्टर्स ट्रस्ट काय म्हणतो ते आधी वाचा, त्यांच्यामागे उभे राहा, आणि तिथल्या माणसाने तिकिटाबद्दल तक्रार केली की त्याला रडका म्हणू नका, तो आपल्या सगळ्यांसाठी भांडतोय.

काय झालं तर तुम्ही म्हणाल की क्लब खरंच सुधारतोय?

साध्या गोष्टी आहेत. मिडफील्डर प्री-सीझन सुरू व्हायच्या आधी आलेला दिसला पाहिजे, ३१ ऑगस्टला नाही. कोच बदलला तरी ट्रान्सफरची यादी तीच राहिली पाहिजे. एखाद्या क्लबने अव्वाच्या सव्वा किंमत सांगितली की आपण उठून दुसऱ्या नावाकडे गेलो असं एकदा तरी घडलं पाहिजे. मायनू क्लबमध्येच राहिला पाहिजे. आणि २०२७ च्या नोट्सची वेळ येईल तेव्हा परत नवीन कर्ज काढून जुनं फेडतात की मालक स्वतःचे पैसे घालतात, ते मी नीट बघणार आहे.